विषाणू-तपासणीचा विलंब : कारणे आणि उपाय



शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीच्या दाखल्याची मागणी असो किंवा एखाद्या योजनेचे अनुदान असो, नागरिकाची कागदपत्रे आता बव्हंशी फायलींच्या रूपाने शासनाच्या दारी येतात. अर्जदार आपल्या मोबाइलवरून किंवा सेवा केंद्रातील संगणकावरून ती अपलोड करतो आणि पुढे एखाद्या कार्यालयातील लिपिक ती उघडून पाहतो. या दोन क्रियांच्या मध्ये तिसरी एक क्रिया घडावयास हवी. ती म्हणजे विषाणू-तपासणी. ‘सर्व्हरलेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने जेथे संगणकीय व्यवस्था उभारली जाते, तेथे ही तपासणी फार रेंगाळते असा अनुभव ती उभारणाऱ्या अभियंत्यांना वारंवार येतो. क्षणार्धात व्हावयाच्या कामाला अर्धा मिनिट लागतो, अर्जदार पडद्याकडे पाहत राहतो, आणि मग ‘तूर्त तपासणी बंद ठेवू या’ अशी सूचना पुढे येते. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. परंतु त्यावरील निर्णय शेवटी प्रशासनाचा असतो. म्हणून त्याचे स्वरूप प्रशासनातील आणि शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी, तसेच लोकप्रतिनिधींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कागद आणि फाइल

कागदावरचा अर्ज आणि संगणकावरची फाइल यांत एक मूलभूत भेद आहे. कागद वाचला जातो. तो स्वतः काही करीत नाही. फाइल मात्र वाचली जात असतानाच संगणकाला आज्ञा देऊ शकते. मार्च १९९९ मध्ये पसरलेला ‘मेलिसा’ हा विषाणू याचे ठळक उदाहरण होय. तो वर्डच्या साध्या दिसणाऱ्या दस्तऐवजात दडलेला होता. दस्तऐवज उघडताच तो त्या संगणकावरील पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना आपोआप रवाना होत असे.

अशा उपद्रवाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे महाराष्ट्रानेही पाहिले आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाकडे असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. तो विषाणू कोणा नागरिकाच्या अर्जातून आलेला नव्हता. युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून तो पसरला होता. परंतु विश्वासाने आत घेतलेली फाइल काय करू शकते, याचा धडा त्यातून मिळाला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अपलोड केलेली दूषित फाइल साठवणुकीच्या जागी पडून असेपर्यंत सहसा निरुपद्रवी असते. तिचा खरा फटका बसतो तो ती उघडणाऱ्या लिपिकाच्या संगणकाला, आणि त्यामार्फत संपूर्ण कार्यालयाला. म्हणूनच तपासणी दारावर व्हावी लागते, टेबलावर नव्हे.

‘सर्व्हरलेस’ म्हणजे काय?

हे नाव काहीसे फसवे आहे. यात सर्व्हर नसतो असे नाही. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो आणि काम असेल तेवढ्याच वेळेपुरता वापरला जातो. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ ही सेवा जाहीर केली, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. पुढे मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनीही तशाच सेवा सुरू केल्या. आज्ञावलीचा एक लहानसा भाग, ज्याला ‘फंक्शन’ म्हणतात, तो निद्रिस्त असतो. फाइल आली की तो जागा होतो, आपले काम करतो आणि काही काळ काम न आल्यास पुन्हा नाहीसा होतो. आकारणी होते ती त्याला दिलेली स्मृती आणि त्याने घेतलेला वेळ यांच्या गुणाकारावर.

शासकीय कामाच्या स्वरूपाला ही पद्धत आकर्षक वाटावी हे साहजिक आहे. प्रवेशप्रक्रियेच्या अखेरच्या दिवशी अर्जांचा लोंढा येतो, तर एरवी आठवडेच्या आठवडे शुकशुकाट असतो. वर्षभर मोठी यंत्रसामग्री पोसण्यापेक्षा गरजेपुरती मदत घेणे काटकसरीचे ठरते. परंतु जी पद्धत अल्प तयारीच्या कामांना उत्तम मानवते, तीच प्रदीर्घ तयारीच्या कामांना जड जाते. विषाणू-तपासणी हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे.

तपासनीस आणि त्याचे दप्तर

हे स्पष्ट होण्यासाठी ‘क्लॅमएव्ही’ या मुक्तस्रोत प्रणालीचे उदाहरण घेता येईल. टोमाश कोयम यांनी २००२ च्या सुमारास तिचा आरंभ केला. २००७ मध्ये ती सोर्सफायर या कंपनीकडे आणि २०१३ मध्ये त्या कंपनीसह सिस्कोकडे गेली. ती विनामूल्य असल्याने सर्व्हरलेस व्यवस्थांतही तिचा बराच वापर होतो.

अशा प्रणालीचे काम ज्ञात विषाणूंच्या खुणांशी फाइल ताडून पाहण्याचे असते. या खुणांचा एक मोठा संच असतो. त्याचा एक मुख्य भाग असतो आणि दुसरा दररोज नव्याने भरला जाणारा. संचात लक्षावधी नोंदी असतात. फाइल तपासण्यापूर्वी तो संपूर्ण संच संगणकाच्या स्मृतीत उतरवून, झटपट शोध घेता येईल अशा रीतीने मांडावा लागतो. या मांडणीसाठी एक गिगाबाइटच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक स्मृती लागत आली आहे, आणि वेळ लागतो तो काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक. एकदा मांडणी झाली की दोन-चार पानांचा दाखला तपासण्यास मात्र बहुधा सेकंदाचा काही अंश पुरतो.

कल्पना करावी की, गावाच्या वेशीवर एक नाका आहे. तेथे कायमचा तपासनीस नाही. गाडी आली की तालुक्याच्या ठिकाणाहून माणूस बोलवायचा, त्याने दप्तराचे गाठोडे आणायचे, सारी पुस्तके क्रमवार लावायची, गाडी पाहायची आणि गाठोडे बांधून परत जायचे. गाडी पाहण्यास एक मिनिट लागते. गाठोडे सोडण्या-बांधण्यात तासभर जातो. अशा नाक्यावर तपासनीस मंद आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मंद आहे ती व्यवस्था.

विलंब नेमका कोठे होतो?

या विलंबाचे टप्पे वेगवेगळे पाहिले की त्यावरचे उपायही आपोआप दिसू लागतात.

पहिला टप्पा फंक्शन जागे होण्याचा. अभियंते याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. केवळ जागे होण्यास सहसा सेकंदाच्या काही अंशापासून एखाद-दुसरा सेकंद लागतो. हा विलंब तुलनेने क्षुल्लक होय.

दुसरा टप्पा खुणांचा संच दुरून आणण्याचा. अनेक रचनांमध्ये तो साठवणुकीतून दर वेळी नव्याने उतरवून घेतला जातो.

तिसरा टप्पा तो संच स्मृतीत मांडण्याचा. सर्वांत अधिक वेळ येथेच जातो. लॅम्डामध्ये आरंभीच्या तयारीसाठी नेहमीच्या रचनेत दहा सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात तयारी पुरी झाली नाही, तर ती पहिल्या कामाच्या वेळी पुन्हा मुळापासून करावी लागते. म्हणजे दप्तर अर्धे लावून झाल्यावर ते आवरून पुन्हा लावण्यास घेण्यासारखा हा प्रकार होतो.

चौथे कारण स्मृतीच्या तुटपुंज्या तरतुदीत असते. लॅम्डामध्ये स्मृती जितकी द्यावी तितक्या प्रमाणात प्रोसेसरची शक्ती मिळते. १,७६९ मेगाबाइट स्मृतीला एका पूर्ण प्रोसेसरइतकी शक्ती लाभते. काटकसर म्हणून स्मृती कमी ठेवली की काम मंदावते, आणि फारच कमी ठेवली तर संच मावतच नाही व काम अर्धवट बंद पडते.

पाचवे कारण रचनेतील एका साध्या चुकीचे आहे. फंक्शन जागे असतानाही प्रत्येक फाइलीसाठी तपासणीची आज्ञावली नव्याने चालवली, तर प्रत्येक वेळी संच पुन्हा मांडला जातो. क्लॅमएव्हीमध्ये यासाठी दोन मार्ग आहेत. एकात तपासणीपुरती आज्ञावली चालते आणि संपते. दुसऱ्यात ती पार्श्वभूमीवर सतत जागी राहून संच मांडलेलाच ठेवते. पहिला मार्ग जोडण्यास सोपा असल्याने पुष्कळदा तोच स्वीकारला जातो.

सहावे कारण गर्दीशी निगडित आहे. लॅम्डाच्या नेहमीच्या रचनेत फंक्शनची एक प्रत एका वेळी एकच काम करते. शंभर अर्जदारांनी एकाच क्षणी फायली पाठवल्या, तर शंभर प्रती जाग्या होऊ शकतात आणि त्यांतील प्रत्येक प्रत आपले दप्तर स्वतंत्रपणे मांडू लागते. गर्दीत खर्च विभागला जावा, ही सर्वसाधारण अपेक्षा येथे फोल ठरते.

या सर्वांवर कळस चढतो तो प्रतीक्षेच्या मर्यादेचा. फंक्शनला चालण्यासाठी ऑक्टोबर २०१८ पासून पंधरा मिनिटांपर्यंत मुभा असली, तरी अर्जदाराच्या पडद्यापर्यंत उत्तर पोहोचवणाऱ्या प्रवेशद्वार-सेवेची मूळ मर्यादा २९ सेकंदांची आहे. ती काही रचनांत जून २०२४ पासून वाढवून घेता येते. तपासणी त्यापुढे गेली की आत काम चालू असूनही बाहेर ‘अपयश’ दिसते. अर्जदार पुन्हा फाइल पाठवतो, तपासणीचा भार दुप्पट होतो आणि विलंब आणखी वाढतो.

स्वीकृती आणि तपासणी यांची फारकत

या स्थितीत सर्वांत परिणामकारक उपाय यंत्रांच्या वेगाचा नसून कामाच्या विभागणीचा आहे. टपाल कार्यालयात पत्र स्वीकारणारा कर्मचारी ते वाटपाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ग्राहकाला खिडकीशी उभे करीत नाही. तो पावती देतो. तद्वत फाइल आधी एका विलग साठवणुकीत थेट स्वीकारावी, अर्जदारास तत्काळ क्रमांक व वेळ असलेली पोच द्यावी, आणि तपासणी मागाहून रांगेने व्हावी. फाइल फंक्शनच्या मार्गाने न पाठवता थेट साठवणुकीत पाठवल्याने आणखी एक अडचण टळते. लॅम्डाला एका विनंतीसोबत थेट सुमारे सहा मेगाबाइटपर्यंतच मजकूर घेता येतो, आणि मोबाइलवर काढलेली काही छायाचित्रे एकत्र केली तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

मात्र या फारकतीला एक अट आहे. तपासणी पूर्ण होऊन फाइल निर्दोष ठरेपर्यंत ती कोणत्याही कर्मचाऱ्यास उघडता येता कामा नये. ही अट सूचनाफलकावर लिहून भागत नाही. ती साठवणुकीच्या परवानग्यांतच गोवावी लागते. प्रत्येक फाइलीवर तिच्या स्थितीची खूण असावी आणि ‘निर्दोष’ ही खूण असल्याखेरीज तिचे वाचन व्यवस्थेनेच नाकारावे.

दप्तर हाताशी ठेवणे

दुसरा उपाय संच वारंवार मांडावा लागू नये यासाठी योजावयाचा. जागी असलेली प्रत पुढील फाइलींसाठी तोच मांडलेला संच वापरील अशी रचना करावी. काही प्रती कायम सज्ज ठेवण्याची सोय लॅम्डामध्ये डिसेंबर २०१९ पासून आहे, आणि अशा प्रतींना आरंभीच्या तयारीसाठी दहा सेकंदांऐवजी पंधरा मिनिटांपर्यंत मुभा मिळते. त्यासाठी काम नसतानाही पैसे मोजावे लागतात. म्हणून प्रवेशाचा हंगाम किंवा अर्जाचा शेवटचा आठवडा अशा ठराविक काळापुरती ही सोय घेणे शहाणपणाचे ठरते.

स्मृतीच्या बाबतीत कंजूषी टाळावी. समजा, १ गिगाबाइट स्मृतीत एका कामाला ४० सेकंद लागले आणि २ गिगाबाइट स्मृतीत तेच २० सेकंदांत झाले, तर दोन्हींचा गुणाकार ४० च येतो. खर्च तोच आणि प्रतीक्षा निम्मी. अर्थात हे प्रमाण कोठवरही ताणता येत नाही. संच मांडण्याचे काम प्रामुख्याने एकाच प्रोसेसरवर क्रमाने चालते. त्यामुळे एका विशिष्ट मर्यादेपलीकडे वाढवलेली स्मृती वाया जाते. ती मर्यादा प्रत्यक्ष मोजूनच ठरवावी लागते.

खुणांचा संच दर वेळी दुरून न आणता सामायिक साठवणुकीत ठेवता येतो, किंवा आज्ञावलीच्या गाठोड्यातच बांधता येतो. २०२० या वर्षात लॅम्डामध्ये या दोन्ही सोयी उपलब्ध झाल्या. दुसऱ्या मार्गात एक धोका आहे. गाठोडे एकदा बांधून विसरले गेले, तर तपासनीस महिन्यापूर्वीच्या यादीवर विसंबून राहतो आणि कालचा विषाणू खुशाल आत शिरतो. संच अद्ययावत करण्याचे काम एका स्वतंत्र, वेळापत्रकानुसार चालणाऱ्या यंत्रणेकडे द्यावे आणि इतर सर्वांनी तिची प्रत वापरावी. प्रत्येक क्षणिक फंक्शनने मूळ वितरण-केंद्राकडे धाव घेणे उचितही नाही. अशा अतिरेकी मागणीमुळेच क्लॅमएव्हीच्या चालकांना २०२१ मध्ये उतरवून घेण्यावर निर्बंध घालावे लागले.

याही पुढे जाऊन एक प्रश्न विचारला पाहिजे. तपासणीचे काम सर्व्हरलेस पद्धतीनेच करण्याचा आग्रह कशासाठी? इतर सर्व व्यवस्था गरजेनुसार जागी होणारी ठेवून, तपासणीपुरते एक लहान यंत्र सतत चालू ठेवणे पुष्कळ ठिकाणी सोपे व स्वस्त पडते. शिवाय साठवणुकीलाच जोडलेल्या तयार तपासणी-सेवाही आता मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आणि ॲमेझॉनने जून २०२४ मध्ये अशा सेवा खुल्या केल्या. आपल्या अर्जांची संख्या, आकार आणि ऋतुमान पाहून निवड करावी.

आणि सर्वांत चांगली तपासणी म्हणजे जिची गरजच पडत नाही ती. जो दाखला शासनाच्याच एका विभागाने दिलेला आहे, तो नागरिकाने छायाचित्र काढून दुसऱ्या विभागाला पाठवावा, यात वेळेचा अपव्यय आहे आणि धोकाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरसारख्या व्यवस्थेतून दाखला थेट मूळ विभागाकडून घेता आला, तर अपलोडही टळते आणि तपासणीचा भारही घटतो.

घाईतील धोके

विलंबाला कंटाळून जे मार्ग काढले जातात, त्यांपैकी काही विलंबापेक्षाही घातक असतात. तपासणी वेळेत संपली नाही म्हणून फाइल निर्दोष मानणे, हा त्यांतील पहिला. फाइलीच्या नावाचा शेवट पाहून तिला सूट देणे, हा दुसरा. कारण नाव बदलणे कोणालाही साध्य आहे. तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तपासणी-प्रणालीत फाइलीच्या आकारावर मर्यादा घातलेली असते. मर्यादेबाहेरची फाइल न तपासताच ‘काही आढळले नाही’ असे उत्तर येऊ शकते. ‘काही आढळले नाही’ आणि ‘तपासून निर्दोष ठरले’ या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून फाइलीच्या स्थिती दोन नव्हे, तीन मानाव्यात : निर्दोष, दूषित आणि न तपासलेली. तिसऱ्या स्थितीतील फाइल दुसऱ्या स्थितीतील फाइलीइतकीच बंद ठेवावी.

तपासणी म्हणजे पूर्ण अभय नव्हे, हेही विसरता कामा नये. यादीत नसलेला नवा विषाणू तिच्या नजरेतून सुटू शकतो. कार्यालयीन संगणक अद्ययावत ठेवणे, दस्तऐवजातील स्वयंचलित आज्ञा बंद ठेवणे आणि महत्त्वाच्या माहितीच्या प्रती वेगळ्या जागी जपणे, ही पथ्ये तपासणीसोबत पाळावीच लागतात.

प्रत्येकाचे कर्तव्य

अधिकाऱ्यांनी निविदेत ‘विषाणू-तपासणीची सोय असावी’ एवढेच लिहून थांबू नये. निद्रिस्त अवस्थेतून पहिली फाइल तपासण्यास किती वेळ लागतो, एकाच वेळी शेकडो फायली आल्यास काय होते, तपासणी अपुरी राहिल्यास फाइल कोणत्या स्थितीत राहते, खुणांचा संच शेवटी कोणत्या दिवशी अद्ययावत झाला हे कोठे दिसते, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे प्रात्यक्षिकातून घ्यावीत. प्रात्यक्षिकासाठी खरा विषाणू वापरण्याचे कारण नाही. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेने ठरवलेली ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल याच कामासाठी आहे. चालू स्थितीतील तपासणी-प्रणालीने ती विषाणू म्हणून ओळखलीच पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा एक नियम प्रशासनाने स्वतःशी बांधून घ्यावयास हवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये झाला आणि अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा नागरिकाचा हक्क त्याने मान्य केला. अशा काळात अर्जाची तारीख म्हणजे फाइल स्वीकारल्याची तारीख, तपासणी संपल्याची नव्हे, हे निःसंदिग्ध असले पाहिजे. शेवटच्या दिवशी सायंकाळी अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती यंत्राच्या पूर्वतयारीपायी हुकणे, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरणार नाही.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा संबंध थेट अर्जदाराशी येतो. ‘तपासणी प्रलंबित’ या शब्दांचा अर्थ त्यांनी समजावून सांगावा. पोच मिळाली असल्यास तीच फाइल पुनःपुन्हा पाठवू नये, हे पटवून द्यावे. फाइल दूषित आढळल्यास अर्जदाराकडे संशयाने पाहू नये. बहुधा तो ज्या संगणकावरून आला, त्या संगणकाचा तो दोष असतो. काय झाले आणि आता काय करावे, हे त्याला सोप्या मराठीत कळवले जावे, आणि सेवा केंद्रातील संगणकाची शुद्धी करून घेतली जावी.

सारांश, तपासणी मंद असणे हे तपासणी सोडून देण्याचे कारण होऊ शकत नाही. ती बहुतांशी मंद असते ती तयारी पुनःपुन्हा करावी लागते म्हणून; आणि तयारी एकदाच करून ठेवणे मनुष्याच्या हातचे आहे. नागरिकाला पोच तत्काळ मिळावी, लिपिकाच्या टेबलावर निर्धोक फाइलच यावी, आणि या दोहोंच्या मधला काळ यंत्राने सोसावा, माणसाने नव्हे. व्यवस्था उभारताना एवढे सूत्र जपले, तर तिच्यावर नागरिकाचा विश्वास बसेल आणि तो टिकेलही.